सॉल्सबरीला मुक्काम करा

मुलाकडे किंवा लेकीकडे इंग्लंडला निघालेल्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. तुम्ही उन्हाळ्यात दोन-तीन महिने जाता, रीडिंगला, स्लावला, नाहीतर मिल्टन कीन्सला राहता. मुलांना सुट्टी शनिवार-रविवारचीच. त्यात आईबाबांना सगळं दाखवून व्हावं म्हणून लंडनहून सुटणारी एक दिवसाची बस ठरते. विंडसरचा किल्ला, स्टोनहेंज आणि बाथ, तिन्ही एका दमात. सकाळी आठला बसायचं आणि रात्री पाय ओढत उतरायचं. स्टोनहेंजला तास-सव्वा तास मिळतो, त्यातला निम्मा पार्किंगपासून दगडांपर्यंत आणि परत येण्यात जातो.

त्या दगडांच्या दक्षिणेला साधारण चौदा-पंधरा किलोमीटरवर सॉल्सबरी नावाचं लहानसं शहर आहे. माझं सांगणं एवढंच की ती बस सोडा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून दीड तासाची सरळ ट्रेन आहे, तिने सॉल्सबरीला जा आणि एक रात्र तिथे राहा. स्टोनहेंजही त्यात होऊन जातं, कारण सॉल्सबरीच्या स्टेशनवरूनच तिकडची बस सुटते. विंडसर आणि बाथ राहतील. राहू द्या. पुढच्या खेपेला करा, किंवा करू नका.

स्टेशनवरून इथलं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. वाटेत हाय स्ट्रीटच्या टोकाला दगडी वेस लागते. तिच्यातून आत गेलात की गावाचा आवाज मागे पडतो आणि समोर प्रचंड हिरवळ उघडते. कॅथीड्रलभोवतीच्या या आवाराला 'क्लोज' म्हणतात. सुमारे ऐंशी एकरांचा हा क्लोज ब्रिटनमधला सर्वांत मोठा. त्याच्या वेशी आजही रात्री अकराला बंद होतात. हिरवळीवर बसून डबा खाल्ला तर कोणी हटकत नाही, तेव्हा ठेपले-चटणी खुशाल बरोबर न्या.

लगेच आत धावू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा. शिखर १२३ मीटर उंच आहे, ब्रिटनमधलं सर्वांत उंच चर्चशिखर. २०१८ मध्ये या शहरात एका माजी रशियन हेराला आणि त्याच्या मुलीला नोव्हिचोक नावाचं विष घालण्याचा प्रकार झाला. पुढे संशयित म्हणून ज्यांची नावं आली ते दोघे रशियन टीव्हीवर येऊन म्हणाले, आम्ही तर १२३ मीटरचं शिखर बघायला गेलो होतो. जगभर हसं झालं. पण त्या प्रकरणात जवळच्या एम्सबरीत विषबाधा झालेल्या एका निरपराध बाईचा जीव गेला, म्हणून गावात कोणाशी बोलताना हा विषय गमतीने काढू नका.

पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर पुतळ्यांच्या रांगा आहेत. मध्ययुगातले त्यांत थोडेच उरले, बहुतेक एकोणिसाव्या शतकात नव्याने बसवले. त्या काळात या कॅथीड्रलची डागडुजी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराच्या हाती होती. मुंबईकरांनी इथे क्षणभर थांबावं. ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर आणि मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह याच स्कॉटचं काम. मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला, त्याला आईचं नाव दिलं, आणि स्कॉटने मुंबईत पाऊलही न ठेवता इंग्लंडमध्ये बसून नकाशे केले. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, त्याच वर्षी स्कॉट वारला. टोकदार कमानी, बारीक खांबांच्या जुड्या, गोल नक्षीच्या खिडक्या, हे सगळं तुम्ही चर्चगेटला जाता-येता पाहिलेलं आहे. सॉल्सबरीत ते ज्या मुळावरून आलं ते मूळ पाहायला मिळतं.

आता आत चला. आतमध्ये लोकांची गर्दी मॅग्ना कार्टा या जुन्या सनदेकडे असते. तुम्ही आधी बरोबर मध्यभागी जा, जिथे उभा आणि आडवा भाग एकमेकांना छेदतात, आणि चारी कोपऱ्यांतल्या काळपट खांबांकडे मान वर करून बघा. खांब वाकलेले आहेत. नीट पाहिलंत तर फुगवटा नुसत्या डोळ्यांना दिसतो.

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती कळली की इमारत वेगळीच दिसू लागते. १२२० मध्ये पाया घातला आणि १२५८ मध्ये मुख्य इमारतीचं अर्पण झालं. अडतीस वर्षं. युरोपातल्या अशा बऱ्याच इमारतींना दोन-दोन, तीन-तीन शतकं लागली, त्यामुळे तिथे खालचा मजला एका धाटणीचा आणि वरचा दुसऱ्या. इथे सगळं एका हातचं वाटतं. पण त्या मूळ बेतात हे शिखर नव्हतं. छपराच्या जरा वर जाईल एवढाच बुटका मनोरा होता. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्याच्यावर आणखी मनोरा आणि त्यावर शिखर चढवलं. म्हणजे सुमारे साडेसहा हजार टन वजन अशा खांबांवर आलं, जे ते पेलण्यासाठी बांधलेच नव्हते. आणि पाया किती? जेमतेम सव्वा मीटर, तोही नदीकाठच्या ओल्या खडीवर.

खांब वाकले, शिखर कललं. मग पुढच्या पिढ्यांनी ते सांभाळत नेलं. कोणी आडव्या कमानी घालून भिंती एकमेकींना टेकवल्या, कोणी लोखंडी पट्ट्यांनी मनोरा आवळला. लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल ज्याच्या नावावर आहे त्या क्रिस्टोफर रेनने १६६८ मध्ये येऊन मोजमाप केलं तेव्हा टोक साडेसत्तावीस इंच कललेलं भरलं. खालची खडी ओली असते तोवर ती वजन घट्ट धरून ठेवते, म्हणून जमिनीखालच्या पाण्यावर आजही लक्ष असतं. फरशीत एक लहानसं झाकण आहे. ते उघडून आत काठी बुडवतात आणि पाण्याची पातळी बघतात. तिथल्या स्वयंसेवकांना विचारा, आनंदाने जागा दाखवतात. हे स्वयंसेवक बहुतेक निवृत्त मंडळी असतात. त्यांना बोलायला आवडतं, आणि तुमचं इंग्रजी मोडकं असलं तरी त्यांना त्याचं काही वाटत नाही.

गुडघे धड असतील तर मनोऱ्यावर चढा. ३३२ पायऱ्या आहेत, त्यातल्या बऱ्याच अरुंद, गोल फिरत जाणाऱ्या. गाइडबरोबरच जावं लागतं, दीड तास लागतो, आणि आधी नोंदणी केलेली बरी. शिखराच्या बुडाशी पोचलात की आत वर बघा. मध्ययुगातल्या सुतारांनी बांधकामासाठी उभारलेला लाकडी सांगाडा अजून आत तसाच आहे. तिथून बाहेरच्या सज्जावर नेतात. २०१४ पासून या मनोऱ्यावर बहिरी ससाणे घरटं करू लागले आहेत, वसंतात गेलात तर त्यांचं ओरडणं ऐकू येईल. ज्यांना रक्तदाबाचा किंवा चक्करेचा त्रास आहे त्यांनी मात्र मुलांच्या आग्रहाला बळी पडू नये. खाली बघण्यासारखं कमी नाही.

उत्तरेकडच्या बाजूला लोखंडी चौकटीत दात्यांच्या चाकांचं एक यंत्र उभं आहे. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. ते घड्याळ आहे. १३८६ च्या सुमाराचं मानलं जातं, म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या चालत्या यांत्रिक घड्याळांपैकी एक. पूर्वी त्याला एकच काम होतं, दर तासाला घंटा वाजवायची. मधल्या काळात ते मोडीत निघून विस्मरणात गेलं होतं, १९२९ मध्ये मनोऱ्यात पुन्हा सापडलं. दालनाच्या मध्यभागी विल्यम पाय यांनी घडवलेलं २००८ मधलं जलकुंड आहे. पाणी इतकं स्तब्ध की वरचं कमानदार छत त्यात जसंच्या तसं उमटतं. लोक नकळत त्यावर पाकीट, फोन ठेवायला जातात. तुम्ही ठेवू नका.

मॅग्ना कार्टाचं आता. १२१५ मधल्या मूळ प्रतींपैकी चारच उरल्या आहेत. दोन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकनची आणि एक इथली. इथलीची अवस्था सर्वांत चांगली. चॅप्टर हाउस नावाच्या अष्टकोनी दालनात ती ठेवली आहे. अपेक्षा ठेवून गेलात तर हिरमोड होईल, कारण दिसतो तो कातड्याचा एक ताव, त्यावर बारीक, खच्चून भरलेलं लॅटिन. राजाची सहीही नाही. तेव्हा मोहोर लावत, आणि या प्रतीची मोहोर गेलेली आहे. मुलं सांगतील की लोकशाही इथून सुरू झाली. तसं काही नाही. इंग्लंडचा राजा जॉन आणि त्याचे सरदार यांच्यातला तो तह होता, काही आठवड्यांतच पोपने तो रद्द ठरवला, आणि ज्या 'मुक्त माणसा'ला त्यात संरक्षण आहे त्यात जमिनीला बांधलेले कूळ-कष्टकरी येत नव्हते. तरीही दोन कलमं कोणाकडून तरी समजून घ्याच. कायदेशीर निवाड्याशिवाय कोणाला कैद करणार नाही, हे एक. न्याय कोणाला विकणार नाही, नाकारणार नाही, लांबवणार नाही, हे दुसरं. आपल्याकडे कोर्टाच्या तारखांवर तारखा घेतलेल्या माणसाला त्यातला 'लांबवणार नाही' हा शब्द बरोबर लागतो.

कागद पाहून झाला की लोक बाहेर पडतात. तुम्ही पडू नका. त्याच दालनात भिंतीभोवती दगडी बैठका आहेत, त्यांच्या वरच्या पट्टीत बायबलमधल्या गोष्टी कोरल्या आहेत. नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, योसेफ आणि त्याचे भाऊ. आपल्या देवळांच्या मंडोवरावर पट्ट्या वाचायची सवय असलेल्याला इथे अर्धा तास कमी पडेल. काही भाग नंतर दुरुस्त केलेला आहे, पण मजा कमी होत नाही.

दुपारी बाहेर या. कॅथीड्रलच्या उपाहारगृहाला काचेचं छप्पर आहे, चहाचा कप हातात घेऊन शिखर बघता येतं. मंगळवारी किंवा शनिवारी गेलात तर चौकातला बाजार भरलेला असतो. या बाजाराचा हक्क १२२७ च्या सनदेपासूनचा. जवळच सेंट थॉमसचं चर्च आहे, त्यात कमानीवर पंधराव्या शतकातलं शेवटच्या निवाड्याचं भलंमोठं चित्र आहे, ते चुकवू नका. बाकी दुकानं तुमच्या मुलांच्या गावात आहेत तीच आहेत. त्यांत वेळ घालवू नका.

त्याऐवजी नदीकाठाने हार्नमच्या कुरणांतून जाणारी पायवाट धरा. पंधरा-वीस मिनिटांची सपाट वाट आहे. डावीकडे मेंढ्या, ओहोळ, आणि त्यापलीकडे कॅथीड्रल. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने १८३१ मध्ये प्रदर्शित केलेलं काळ्या ढगांचं आणि इंद्रधनुष्याचं मोठं चित्र याच कुरणांवरून दिसणाऱ्या कॅथीड्रलचं. त्याआधी त्याने बिशपच्या बागेतून एक चित्र केलं होतं. बिशपला ढग काळे वाटले, त्याने कुरकुर केली. ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. इंग्लंडच्या हवेत ढग नकोत म्हणणाऱ्या बिशपचं कौतुक वाटतं.

पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. जी. ए. कुलकर्णींनी ज्याच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'चा मराठी अनुवाद केला तो विल्यम गोल्डिंग क्लोजमधल्याच शाळेत शिक्षक होता. रोज हे शिखर डोळ्यांसमोर असायचं. १९६४ मध्ये त्याने 'द स्पायर' ही कादंबरी लिहिली. पाया कच्चा असूनही शिखर चढवायचंच अशा हट्टाला पेटलेल्या एका धर्माधिकाऱ्याची ती कथा आहे. जायच्या आधी वाचलीत तर वाकलेल्या खांबांखाली उभं राहताना अंगावर काटा येईल.

क्लोजमध्येच एका जुन्या वाड्यात पलटणीचं संग्रहालय आहे. १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजांचा जो दारुण पराभव झाला त्यातून वाचलेला बॉबी नावाचा कुत्रा तिथे काचेच्या पेटीत ठेवला आहे. राणी व्हिक्टोरियाच्या हातून त्याला पदक मिळालं होतं. त्या लढाईत बर्कशरच्या गोऱ्या पलटणीबरोबर मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या, ग्रेनेडियर, जेकब्ज रायफल्स, सॅपर्स. कुत्र्यासमोर उभे असताना त्यांची आठवण आपली आपणच काढायची असते.

आणि आता ज्यासाठी मुक्काम करा म्हणतो आहे ते. संध्याकाळी कॅथीड्रल पाहुण्यांसाठी बंद होतं, तिकिटांची खिडकी उठते, सहलीच्या बस निघून जातात. त्यानंतर बहुतेक दिवशी इव्हनसाँग, म्हणजे संध्याकाळची गायलेली प्रार्थना, असतं, साधारण साडेपाचला. वेळ बदलते, म्हणून आदल्या दिवशी कॅथीड्रलच्या वेबसाइटवर बघून घ्या. तिकीट लागत नाही. पाऊण तास गायन आणि पाठ चालतो. देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो तसाच हा त्यांचा रोजचा नेम आहे, ऐकायला कोणी आलं तरी होतो, नाही आलं तरी होतो. लहान मुलामुलींचा आणि मोठ्या पुरुषांचा गायकवृंद असतो. इंग्लंडच्या कॅथीड्रलांत शतकानुशतकं मुलगेच गात. मुलींचा स्वतंत्र वृंद सर्वांत आधी उभा केला तो सॉल्सबरीने, १९९१ मध्ये.

"आपण हिंदू, तिथे प्रार्थनेला कसं बसायचं?" हा प्रश्न तुमच्या मनात येईल, विशेषतः आईंच्या. बसायचं. कोणी धर्म विचारत नाही, कोणी काही म्हणायला लावत नाही, या प्रार्थनेत प्रसादासारखं काही वाटलं जात नाही. बाकीचे उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा, गुडघे टेकायची सक्ती नाही. चपला-बूट काढायचे नसतात, पुरुषांनी टोपी मात्र काढावी. फोन बंद ठेवा आणि फोटो अजिबात काढू नका, दिवसभर काढायला मोकळीक होती. शेवटी दानपात्र समोर येतं किंवा दाराशी असतं, दोन-चार पौंड टाका. दहा-पंधरा मिनिटं आधी गेलात तर गायकांच्या अगदी जवळच्या कोरीव लाकडी आसनांवर बसवतात. वाद्य म्हणजे फक्त ऑर्गन, आणि बऱ्याचदा तोही नाही, नुसते गळे. एवढ्या उंच छपराखाली शेवटचा स्वर थांबल्यावरही काही क्षण घुमत राहतो. शास्त्रीय संगीताचा कान असलेल्यांना हे सांगायला नको. कान नसलेल्यांनीही जावं.

एक सावधगिरी. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर शाळांना सुट्टी असते, तेव्हा इथल्या मुलामुलींचा वृंद नसतो, बाहेरगावचे वृंद येऊन गातात. तेही चांगले असतात, पण इथलाच ऐकायचा असेल तर मे, जून किंवा सप्टेंबर धरा. मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे प्रार्थना संपल्यावर क्लोजमध्ये निवांत फिरता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने स्टोनहेंज. लंडनच्या बस पोचायच्या आत तुमचं बघून होतं. येताना ओल्ड सेरम या टेकडीवर उतरा, स्टोनहेंजची बस तिथे थांबते. मूळ शहर आणि मूळ कॅथीड्रल या टेकडीवर होतं. १०९२ मध्ये त्याचं अर्पण झालं आणि पाचच दिवसांत वादळाने नुकसान केलं. वारा, पाण्याची टंचाई, किल्ल्यातल्या शिपायांशी रोजची भांडणं, या सगळ्याला कंटाळून धर्मगुरूंनी मुक्काम खाली नदीकाठी हलवला. नव्या क्लोजच्या भिंतीत जे कोरीव दगड दिसतात ते या पाडलेल्या कॅथीड्रलचे.

टेकडी ओस पडली, तरी १८३२ पर्यंत ती पार्लमेंटमध्ये दोन सभासद पाठवत राहिली. मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही तिथे न राहणारे. हा मतदारसंघ १६९१ मध्ये टॉमस पिट नावाच्या माणसाने सरळ विकत घेतला, हिंदुस्थानच्या व्यापारात मिळवलेल्या पैशांतून. हाच पिट पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. गोवळकोंड्याच्या खाणीतला एक प्रचंड हिरा त्याने विकत घेतला आणि १७१७ मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला कितीतरी पट किमतीला विकला. तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात 'रीजंट' नावाने आहे. पिटचा नातू विल्यम पिट १७३५ मध्ये याच ओसाड टेकडीचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्ये गेला आणि पुढे सप्तवार्षिक युद्धात इंग्लंडचा सूत्रधार झाला. मॅग्ना कार्टा पाहिल्यावर दुसऱ्याच दिवशी ही टेकडी बघावी असं मला वाटतं. जुन्या कॅथीड्रलच्या पायाच्या रेषा गवतात अजून दिसतात, आणि तेवढ्या भागाला तिकीटही लागत नाही.

राहायची सोय स्टेशनजवळ आणि गावात भरपूर आहे. क्लोजच्या आत राहायचं असेल तर सेरम कॉलेजच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात, मात्र लवकर विचारा. शनिवारची रात्र महाग पडते. मुलांना सुट्टी नसली तरी हरकत नाही, तुम्ही दोघं मंगळवारी निघा, बाजाराचाही दिवस साधेल. ट्रेनचं तिकीट सकाळी साडेनऊनंतरचं घेतलंत तर बरंच स्वस्त मिळतं, आणि साठी उलटलेल्यांना तिथलं सीनियर रेलकार्ड काढता येतं. त्याने तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते. दोन-तीन महिने राहणार असाल तर ते पहिल्याच आठवड्यात मुलाकडून काढून घ्या.